उपाशीपोटी सांगू नये

फौजेत गप्प बसणारा माणूस कधी पकडला जात नाही, असं सुभेदार हणमंतराव फडतरे सगळ्यांना सांगत. त्यांच्या काळात ते खरंही होतं. त्यांचा मुलगा हवालदार झाला तोवर मात्र काळ एवढा पालटला होता की गप्प बसणंच अंगाशी येऊ लागलं होतं.

मुलाचं नाव संग्राम. नाव दणदणीत, पण काम म्हणाल तर फोन सांभाळायचं. सुभेदारांना घरात सगळे तात्या म्हणत आणि तात्या या कामावरून मुलाची येताजाता टिंगल करत. आम्ही खिंडी राखल्या, चिरंजीव फोन राखतात, असं पारावर चार माजी सैनिकांत बसून म्हणायचं, आणि घरी आल्यावर हळूच बायकोला विचारायचं की पोरगं नेमकं करतं तरी काय, मला नीट सांग. मालनबाईंना तरी कुठं कळत होतं!

काम असं होतं. खिशातला फोन चालू असला की तो थोड्या थोड्या वेळानं जवळच्या टॉवरला हाक मारतो, मी इथं आहे म्हणून. ती हाक माणसाच्या कानाला ऐकू येत नाही, पण वर आभाळात फिरणाऱ्या वीतभर ड्रोनला येते. ओसाड माळावर शंभर फोन हाका मारताहेत म्हणजे तिथं शंभर जवान दडलेत, हे ओळखायला हेर लागत नाही. म्हणून पूर्वी सरावाला निघताना सगळ्यांचे फोन काढून घेत आणि पेटीला कुलूप घालून मोकळे होत. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की हेही चालायचं नाही. एका छावणीतले सगळे फोन एकाच संध्याकाळी मुके झाले तर ते मुकेपणच बोलतं. पलटण हलली, असं ते ओरडून सांगतं. आळीतल्या सगळ्या चुली एकदम विझल्या तर शेजारच्या आळीला कळतंच की काहीतरी झालंय.

तेव्हा फोन बंद करायचे नाहीत, चालूच ठेवायचे, पण जवानांपासून लांब, असं ठरलं. त्यासाठी 'बदली' आली. कागदोपत्री तिला लांबलचक नाव होतं, पण कुणी रजेवर गेला की त्याच्या जागी उभा करतात तो बदली, म्हणून जवानांनी तिलाही तेच नाव दिलं. हे यंत्र प्रत्येक जवानाचं फोनवरचं बोलणं महिनोन्‌महिने ऐकायचं. त्याचा आवाज, अडखळणं, कुणाला काय हाक मारतो, कुठल्या विनोदाला हसतो, सकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर कुठलं फूल पाठवतो, सगळं उचलायचं. सराव सुरू झाला की सगळे फोन एका बंद गाडीत भरून दूरच्या तळ्याकाठी नेत. तिथं रिकामे तंबू ठोकलेले असत. त्या खोट्या छावणीत उभी राहून फोनगाडी सगळ्या पलटणीच्या वतीनं बोलत राहायची. घरून फोन आला की जवानाच्याच आवाजात त्याची बदली उत्तर द्यायची. खरी पलटण पन्नास कोस पलीकडं वाळूत पोटावर सरपटत असायची.

जवानांनी याला सही देऊन होकार दिलेला असे. घरच्यांना मात्र सांगायचं नाही, असा हुकूम होता. आपण यंत्राशी बोलतोय हे एकदा कळलं की माणूस आकाशवाणीवर बोलल्यासारखा बोलायला लागतो, आणि तेवढा ताठरपणा शत्रूच्या यंत्राला पुरतो. फसवायचं होतं शत्रूला. पण मधे घरची माणसं उभी होती, आणि त्यांना जरा बाजूला सरका म्हणायची सोय नव्हती.

फोनगाडीची जबाबदारी होती कॅप्टन सामंत मॅडमकडे. मॅडम हुशार होत्या आणि मनानं चांगल्या होत्या. घरी कुणी आजारी पडलं, काही बरंवाईट झालं तर जवानाला कळायलाच हवं, यावर त्या अडून बसल्या होत्या. म्हणून गाडीत प्रत्येक फोनला एक खण होता आणि खणावर एक बारका दिवा. नेहमीचं बोलणं चालू असलं की हिरवा. कुणी दवाखाना, अपघात, कळा, मयत असला शब्द काढला, किंवा बोलणाऱ्याचा आवाज कापला, श्वास अडला, तर तांबडा. आवाजातला कंप ते यंत्र आईपेक्षा लवकर ओळखतं, असं मॅडम म्हणत. दिवा तांबडा झाला की गाडीवरच्या हवालदारानं कानाला यंत्र लावून ऐकायचं, खात्री करायची, आणि जवानाला लगेच सरावातून मोकळं करायचं.

एक नियम मात्र कडक होता. गाडीवरच्याचा फोनही खणातच राहायचा, आणि त्यानं आपला स्वतःचा खण ऐकायचा नाही. हा नियम वरून आला नव्हता, संग्रामनंच सुचवला होता. आज मी माझं ऐकलं तर उद्या मित्राच्या बायकोचं ऐकीन, आणि मग या गाडीवर कोण विश्वास ठेवील, असं तो म्हणाला होता. मॅडमनी त्याची पाठ थोपटली होती.

बदलीची चाचणी झाली त्या दिवशी मॅडमनी सगळ्यांसमोर एकेकाच्या बदलीचा नमुना ऐकवला. संग्रामची पाळी आली तेव्हा त्याचाच आवाज गाडीतून म्हणाला, "न्हाई गं आई, अजून न्हाई जेवलो. लंगर उघडलाय. जातो, नाहीतर भाजी संपंल." सगळे हसून लोळायचे बाकी राहिले. संग्रामचे कान तापले. फोन आवरता घ्यायला तो लंगरची, म्हणजे फौजी खानावळीची, हीच थाप कायम मारायचा. मालनबाईंचं बोलणं एकदा सुरू झालं की शेजारणीच्या कोंबडीपासून भावकीच्या भांडणापर्यंत जायचं, आणि जेवायला जातो म्हटलं की तेवढ्यावर मात्र त्या पटकन फोन ठेवायच्या. पुष्कळदा तो पोटभर जेवून ढेकर देतच हे बोललेला असायचा. यंत्रानं ढेकर सोडून बाकी सगळं उचललं होतं.

मालनबाई तेवढ्यावर फोन का ठेवत, यालाही कारण होतं. तात्या तरुणपणी सीमेवर असताना त्यांचा धाकटा भाऊ विहिरीत बुडून गेला. तार आली ती नेमकी जेवणाच्या रांगेत, ताट हातात असताना. तात्यांना घास गेला नाही, दुसऱ्या दिवशीही गेला नाही, आणि तशाच रिकाम्या पोटी ते गस्तीला गेले. बर्फात चक्कर येऊन पडले. त्यांना उचलायला वाकलेल्या जोडीदाराला गोळी लागली. तात्या परत आले ते घरासाठी एक कायदा घेऊन आले: फौजीला वाईट बातमी उपाशीपोटी सांगायची नाही. आधी विचारायचं, जेवलास का. हो म्हणाला तर सांगायचं. नाही म्हणाला तर त्याला जेवू द्यायचं आणि मग सांगायचं. आजी गेली तेव्हा संग्रामला असंच सांगितलं होतं, आजोबांच्या वेळीही तसंच. फडतऱ्यांच्या घरात देवाची पूजा एखादवेळ चुकली असेल, हा कायदा कधी मोडला नाही.

त्या वर्षी सरावाला निघण्याआधी संग्राम चार दिवस घरी आला होता. तात्यांना खोकला होता. पाठीत दुखायचं, अंगावरचा शर्ट ढगळ झाला होता. सातारच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं, पुण्याच्यांनी तपासण्या केल्या आणि रिपोर्टला वेळ लागेल म्हणून सांगितलं. तात्या स्वतः मात्र मजेत होते. संग्रामला नुकतीच हवालदाराची तिसरी फीत मिळाली होती आणि ती बाहीवर आपणच शिवायची, असं त्यांनी जाहीर केलं होतं. शिंप्याचं काम नाही हे, म्हणाले. सुईत दोरा काही केल्या ओवला जाईना, तशी त्यांनी सुई खाली ठेवली. चष्म्याचा नंबर वाढलाय, नवा आला की शिवतो, तोवर टाचणीवर चालव, म्हणाले. संग्रामनं फीत टाचणीनं अडकवली.

निघताना त्यानं आईला अंगणात बाजूला घेतलं. रिपोर्ट आला की मला सांग, कसाही असला तरी सांग, मला सुट्टी मिळते, असं बजावलं. मालनबाईंनी मान हलवली.

"सांगीन की. तुला न्हाई सांगायचं तर कुणाला?"

तेवढ्या शब्दावर तो राजस्थानात आला. मनात एकच गोष्ट होती: रिपोर्ट वाईट आला तर दिवा तांबडा होईल, आणि तात्यांच्या हातून फीत शिवून घ्यायला आपण वेळेवर पोहोचू.

सराव सुरू झाला आणि पहिल्याच आठवड्यात मगरनं घोळ घातला. रोहन मगर हा मंगळवेढ्याकडचा नवा जवान. त्यानं गाडीत एक फोन जमा केला आणि दुसरा, जुना, बिस्किटांच्या पुड्यात लपवून खंदकात नेला. एका दुपारी त्यानं तो नुसता चालू केला. कुणाला लावलासुद्धा नाही. पण सरावातल्या शत्रुपक्षाच्या ड्रोननं ती एक हाक ऐकली आणि थोड्याच वेळात सरावाचे पंच जीप घेऊन हजर झाले. सगळी तुकडी तोफगोळ्यांनी मेली, असं त्यांनी जाहीर केलं. मेलेल्यांच्या दंडाला पांढरी पट्टी बांधून त्यांना बाभळीखाली बसवायची रीत असते. तिथं तीस धडधाकट जवान मरून बसले आणि मगरला शिव्या घालत शेंगदाणे खाऊ लागले.

फोन जप्त करायला संग्राम जीपनं तिथं पोहोचला. मगर खाली मान घालून उभा होता. त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते, आणि आधी एकदा वाया गेलं होतं. यंत्राला काय कळणार उस्ताद, तो म्हणाला, ते आपलं गोड बोलत बसेल आणि इकडं माझं माणूस जाईल.

संग्रामनं त्याला रागावायचं ठरवलं होतं, ते जमलं नाही. त्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मगर, तुझ्या खणाचा दिवा माझ्या डोळ्यांसमोर असतो. तांबडा झाला की तुला पहिल्यांदा मी सांगणार. माझ्या बापाचा रिपोर्ट यायचाय. मीपण त्याच दिव्याच्या भरवशावर बसलोय."

मगरनं फोन काढून दिला.

आणि संग्रामनं शब्द पाळला. पुढच्याच आठवड्यात मगरच्या खणावर तांबडा दिवा लागला. त्याची सासू कर्कश आवाजात बदलीला सांगत होती की पोरीला कळा लागल्यात, सरकारी दवाखान्यात आणलंय, तू असशील तिथनं नीघ. बदली मगरच्या आवाजात तिला धीर देत राहिली. संग्रामनं वायरलेसवरून निरोप धाडला, मॅडमनी जीप काढली, आणि दिवस मावळायच्या आत मगर रेल्वेत बसला. मुलगी झाली. दोघीही सुखरूप. फोनगाडीत त्या दिवशी चहा जरा जास्त गोड झाला. मॅडम म्हणाल्या, बघ, यंत्र माणुसकी शिकलं. संग्रामला ते पटलं. न पटायला काही कारणही नव्हतं.

त्याचा स्वतःचा फोन वरच्या रांगेत, डाव्या कोपऱ्यात होता. रोज संध्याकाळी, लंगरवरून त्याचं ताट गाडीत यायचं त्या सुमारास, त्या खणावर हिरवा दिवा लागायचा. आई फोन करायची. जेवता जेवता तो त्या दिव्याकडं बघायचा. थोडा वेळ दिवा जळायचा आणि विझायचा. हिरवा आहे म्हणजे रिपोर्ट आलेला नाही, किंवा आलाय तो चांगला आहे, असं तो मनाशी म्हणायचा आणि दुसरी पोळी घ्यायचा. एकदा दिवा नेहमीपेक्षा लवकर विझला. हात कानाच्या यंत्राकडं गेला होता. पण नियम त्याचाच होता, आणि स्वतःचाच नियम मोडणारा माणूस त्याला आवडत नसे. त्यानं हात मागं घेतला आणि भात कालवला. पुढं त्याला सगळ्यात जास्त छळलं ते या भातानं.

सराव एका सकाळी संपला. पलटण धुळीनं माखून तळ्याकाठी आली, खोटी छावणी खरी झाली, आणि लंगरवर बड्या खान्याची तयारी सुरू झाली. पुरी, मटण, शिरा. संग्रामनं फोनवाटप सुरू केलं. फोन हातात देण्याआधी प्रत्येकाला त्याच्या बदलीचं बोलणं ऐकवायचं, अशी पद्धत होती. आपण घरी काय काय बोललो ते माहीत नसेल तर पुढं भलताच घोटाळा व्हायचा. जवान याला उजळणी म्हणत. हा प्रकार गमतीचा असे. एकाच्या बदलीनं बायकोला पैठणी कबूल केली होती. दुसऱ्याची बदली सासऱ्याशी एवढं नम्र बोलली होती की तो म्हणाला, आता मला जन्मभर असंच वागावं लागणार.

सगळ्यांचं आटोपलं. शेवटी संग्राम स्वतः बसला. लंगरवर पंगती बसत होत्या आणि त्याला भूक लागली होती. दोन मिनिटांत आवरू म्हणून त्यानं यंत्र कानाला लावलं.

पहिली काही बोलणी नेहमीची होती. कोंबडी, भावकी, तात्यांचा खोकला, त्यांनी शिवायची राहिलेली फीत. मग एका संध्याकाळचं बोलणं आलं. बदलीनं आठवणीनं विचारलं होतं की तात्यांचा रिपोर्ट आला का.

"त्ये सांगते," आई म्हणाली होती. "तू जेवलास का?"

"न्हाई गं आई, अजून न्हाई जेवलो," संग्रामचा आवाज म्हणाला. "लंगर उघडलाय. जातो, नाहीतर भाजी संपंल."

"बरं. जेव तू आधी. मग बोलू."

यंत्राला जे कळलं नव्हतं ते संग्रामला त्या एका प्रश्नात कळलं. एरवी आई फोन लागल्या लागल्या जेवणाचं विचारायची, सवयीनं. आज तिनं ते मधेच, रिपोर्टच्या प्रश्नावर विचारलं होतं. त्यानं पुढचं बोलणं लावलं. दुसऱ्या संध्याकाळी आईनं तेच विचारलं आणि त्याच्या आवाजानं तेच उत्तर दिलं. तिसऱ्या संध्याकाळी ती म्हणाली की मग जेवून मला फोन कर. बदली हो म्हणाली. संग्राम नेहमी हो म्हणायचा आणि विसरायचा, तेही यंत्रानं शिकून घेतलं होतं. एकदा मागून त्याच्या बहिणीचा दबलेला आवाज आला, आता सांगून टाक म्हणून. "त्यो जेवला न्हाई अजून," आई तिला म्हणाली. तात्यांनी शपथ घातलीया, हेही पुटपुटली. संग्रामच्या आवाजानं कुणी काय म्हणतंय का असं विचारलं, तर म्हणाली, काही न्हाई, तू जा जेवायला.

तिचा आवाज एकदाही कापला नव्हता. फौजीची बायको म्हणून तिनं उभा जन्म फोनवर आवाज सरळ ठेवला होता. सीमेवरच्या माणसाला घरचं रडं ऐकवायचं नाही, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. यंत्र कंप शोधत बसलं आणि तिनं तो पदराखाली झाकून ठेवला. सगळी बोलणी हिरवी.

कालच्या संध्याकाळचं बोलणं लागलं. त्यात आईनं फोन तात्यांना दिला होता. आवाज इतका खोल गेला होता की दुसऱ्या कुणाला ओळखू आला नसता. ते फोनवर फारसे यायचेच नाहीत, त्यामुळं त्यांचा आवाज आधी कसा होता हे यंत्राला ठाऊक नव्हतं. त्यानं फक्त 'वडील, वयस्क, दमलेले' अशी नोंद केली होती.

"संग्राम," तात्या म्हणाले. "फीत कुणाकडनं शिवून घेतली न्हाईस ना?"

"न्हाई तात्या. तुम्हीच शिवायची."

"हां." मग बराच वेळ नुसता श्वास. "जेवलास का?"

संग्रामनं डोळे मिटले. हो म्हण, तो मनात म्हणाला. त्या यंत्राला, स्वतःला, कुणाला कोण जाणे. एकदा हो म्हण.

"न्हाई तात्या, अजून न्हाई. लंगर उघडलाय, जातो."

"जा," तात्या म्हणाले. "आधी जेवून घे."

कायदा त्यांचाच होता. स्वतःसाठीसुद्धा त्यांनी तो मोडला नाही.

आता आज सकाळचं एकच बोलणं उरलं होतं. यंत्रानं त्यावर नोंद केली होती: 'घरी बरीच माणसं. समारंभ असावा.' संग्रामनं ते ऐकलं. मागं बायकांचे खालच्या पट्टीतले आवाज होते. कुणीतरी बाहेर लाकडं टाकत होतं. आईनं विचारलं, जेवलास का. त्याचा आवाज म्हणाला, न्हाई गं आई, अजून न्हाई.

"बरं," आई म्हणाली. "जेव तू. आम्ही थांबतो."

तिथं सगळं संपलं. संग्रामनं यंत्र कानावरून काढलं. समोर त्याचा खण होता आणि दिवा विझलेला होता. त्याला रडू आलं नाही. आधी लाज वाटली. किती वर्षं त्यानं आईला ती थाप मारली होती, मित्र पत्ते मांडून बसलेत म्हणून, मॅच लागलीय म्हणून, नुसता कंटाळा आला म्हणून. यंत्रानं त्यात पदरचं काहीच घातलं नव्हतं. त्याचंच होतं ते त्याच्याच आईला दिलं होतं.

मॅडम आत आल्या. त्याचा चेहरा बघून त्यांनी काय झालं ते विचारलं आणि त्यानं सांगितलं. त्यांनी नोंदी उलटसुलट पाहिल्या. सगळं हिरवं होतं. यंत्र कुठंही चुकलं नव्हतं, हे त्या बोलणार होत्या, पण बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, जोधपूरहून विमान आहे, मी गाडी सांगते, तू आधी घरी फोन लाव, हवं तर मी बोलते.

संग्रामनं फोन हातात घेतला. आईचं नाव समोर होतं, अंगठा वर टेकला होता. आणि तो थांबला. ती विचारणार होती. पहिला प्रश्न तोच असणार होता. आता हो म्हटलं तर ती पुन्हा थापच झाली असती, उलट्या बाजूनं मारलेली. आणि नाही म्हटलं तर? नाही म्हटलं तर तिनं काहीच सांगितलं नसतं. जोवर तो उपाशी होता तोवर त्या घरात त्याला कुणी काही सांगणार नव्हतं. जोवर सांगितलं नव्हतं तोवर तात्या कॉटवर बसून चष्म्याची वाट बघत होते. क्षणभर त्याला वाटलं, असंच उपाशी राहावं.

पण घरी दारात माणसं खोळंबली होती. आई थांबली होती. तात्याही, त्याच्यासाठी, जमिनीवर.

त्यानं फोन खिशात टाकला.

"मॅडम, मी जेवून येतो," तो म्हणाला.

मॅडमना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्यांनी त्याला अडवलं नाही.

लंगरवर हसणंखिदळणं चाललं होतं. स्वयंपाक्यानं त्याला बघून हाक मारली. या फोनवाले हवालदार, सगळ्यांच्या वतीनं बोलून घसा सुकला असेल, म्हणत ताटात चार पुऱ्या वाढल्या, मटण वाढलं, वर शिऱ्याचा डाव. संग्राम कोपऱ्यात मांडी घालून बसला. पहिला घास तोंडात फिरू लागला, गिळवेना. पाण्याच्या घोटाबरोबर त्यानं तो खाली उतरवला. दुसरा घेतला. शेजारी कुणी पैठणीची गोष्ट पुन्हा सांगत होता आणि लोक पुन्हा हसत होते. संग्राम खाली बघून जेवत राहिला. बाहीवरची फीत एका टाचणीवर लोंबत होती, ती दर घासाला हलायची. तात्यांच्या बर्फातल्या गस्तीची गोष्ट त्यानं शंभरदा ऐकली होती. ताट हातात असताना बातमी कळली तर काय होतं, ते आज त्याला कळत होतं, आणि तरी त्याला खायचंच होतं. त्यानं चारही पुऱ्या खाल्ल्या. शिरा खाल्ला. ताट निपटून पुसलं, तात्यांना आवडायचं तसं. ताट धुऊन ठेवलं, हात पुसले, आणि तळ्याच्या बाजूला, जिथं कुणी नव्हतं तिथं जाऊन फोन लावला.

पहिल्याच रिंगला उचलला गेला. मागची कुजबुज थांबली.

"संग्राम?" मालनबाई म्हणाल्या. आवाज सरळ होता. "जेवलास का रं?"

"व्हय, आई. पोटभर जेवलो," संग्राम म्हणाला. "आता सांग."

तेव्हा कुठं मालनबाईंचा आवाज कापला.